पहिली ओळ पुसू नये

आमच्या संस्थेच्या नगरच्या कार्यालयात संगणक आला तेव्हा त्याची रीतसर पूजा झाली. मॉनिटरला झेंडूचा हार, डब्यावर कुंकवाचं स्वस्तिक, कीबोर्डवर अक्षता. त्यातल्या दोन अक्षता स्पेसबारखाली गेल्या आणि तो अडकतो म्हणून पुढे तीन दिवस मी पुण्याच्या कंपनीला शिव्या घालत होतो. मशीन चालवायला नेमलेला तज्ज्ञ मी एकटा, पण नारळ फोडला हेडक्लार्क भाऊसाहेबांनी. मला म्हणाले, "तुमी ऱ्हाऊ द्या. तुमचे हात मशिनीसाठी." केवढा हा मान! मी हात मागे बांधून बाजूला उभा राहिलो आणि खोबरं वाटलं तेव्हा माझा तुकडा खाल्ला.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. दोन हजार साल उजाडलं की जगातले सगळे संगणक बंद पडणार अशी बातमी होती, त्यामुळे नवीन संगणक घ्यायला यापेक्षा चांगला मुहूर्त नव्हता. इंटरनेटही नगरला नुकतंच पोचलं होतं. ते टेलिफोनच्या तारेतून किंचाळत यायचं आणि वाऱ्याने तार हलली की परत जायचं. संस्थेच्या शाळा जामखेडपासून शेवगावपर्यंत पसरलेल्या. त्या वर्षी आमच्या मुलींना पुण्यात नर्सिंगच्या प्रशिक्षणासाठी पाठवायचं ठरलं होतं. मुलींचे अर्ज नगरला टाइप करायचे, तारेतून पुण्याच्या मोठ्या संगणकाकडे पाठवायचे, त्याने गुणांप्रमाणे यादी लावून उलट पाठवायची आणि आम्ही ती छापायची, अशी योजना. इथून पाठवायचा आणि तिकडून घ्यायचा प्रोग्रॅम मी लिहिला होता. चोवीस वर्षांचा होतो, आणि जिल्ह्यात असं काही लिहिणारा आपण पहिलेच अशी माझी पक्की समजूत होती. कुणी खोडून काढली नाही, कारण कुणाला ती तपासता येत नव्हती.

मी जामखेडकडचा. आजोबांनी छप्पन साली धम्म स्वीकारला, वडील प्राथमिक शाळेत मास्तर. माझं आडनाव असं की ते पाटलांतही सापडतं, माळ्यांतही आणि आमच्यातही. नगरला नोकरीवर रुजू झालो तेव्हा कुणी 'कुठले?' विचारलं की मी तालुका सांगायचो. 'गावात कुठं?' विचारलं की एसटी स्टँडजवळ म्हणायचो. आमच्या गावाला स्टँड नाही, पण तेवढी शोधाशोध कुणी केली नाही. निघताना वडील म्हणाले होते, "विचारलं तर खोटं बोलू नको. न विचारता सांगत पण बसू नको." मी सल्ल्याचा दुसरा भाग फार निष्ठेने पाळत होतो. कार्यालयात मी कोण हे कळू नये, एवढा माझा एककलमी कार्यक्रम होता. कळलं असतं तर काय झालं असतं? बहुतेक काहीच नाही. कुणी काही बोललं नसतं. फक्त बोलता बोलता मध्येच थांबले असते, आणि त्या थांबण्याची मला भीती वाटायची. आपण कोण याची लाज मला कधीच नव्हती. त्या भीतीची मात्र होती.

तरी एकूण बरं चाललं होतं. सावेडीत खोली मिळाली होती, भाऊसाहेबांच्याच ओळखीने. घरमालकीणबाईंनी माझ्यासाठी अंगणात स्वतंत्र नळ बसवून दिला. "तुमाला घाईच्या वक्ताला आमची अडचन नको," म्हणाल्या. नगरात जिथे पाण्यासाठी पहाटे हंडे रांगेत लागायचे, तिथे मला माझा नळ! मी घरी पत्रात तो नळ कौतुकाने कळवला होता.

कार्यालयातही तीच तऱ्हा. चहा आणायचं काम शिपाईमामांचं. ते किटली घेऊन यायचे, काचेचे सात ग्लास ट्रेमध्ये घालायचे आणि नंतर सगळे एकाच बादलीत विसळायचे. कुठला ग्लास कुणाचा याचा हिशेब नसायचा, सगळे सगळ्यांचे. मला मात्र बशीसकट कप. पांढरा, कडेला सोनेरी रेघ, एका बाजूला गुलाब. तो संगणकाच्या खोलीत खिडकीत ठेवलेला असायचा. मला वाटलं, वातानुकूलित खोलीत बसणाऱ्या माणसाला ग्लास शोभत नाही हे या लोकांना कळतं. सुरुवातीला संकोच वाटला, मग सवय झाली, आणि महिन्याभरात कप नीट धुतला नसेल तर मी मामांकडे बघायला लागलो.

अशा या सुखात पुण्याहून पहिली यादी आली.

यादीत गुण बरोबर होते. टक्के, जन्मतारखा, पिनकोड, सगळे आकडे जागच्या जागी. फक्त माणसं गायब होती. मुलीच्या नावाच्या जागी एक काना, दोन रफार, उलटं प्रश्नचिन्ह, पोट कापलेला ओ आणि शेवटी मालक नसलेली एक वेलांटी. गाव वाचता येईना, बापाचं नाव वाचता येईना. जातीच्या रकान्यातही तीच गिचमिड. साऱ्या जिल्ह्याच्या मुली एका झटक्यात एकाच न वाचता येणाऱ्या जातीच्या झाल्या होत्या. खरं सांगायचं तर तो एक रकाना दुरुस्त करायची मला घाई नव्हती.

सचिवांना होती. त्यांनी यादी उलटी धरून पाहिली, सुलटी धरून पाहिली आणि विचारलं, "ह्या पोरी कुठल्या देशाच्या?" मग शनिवारची मुदत दिली. शनिवारी पुण्याचे प्रवेश बंद होणार होते. तोवर यादी मराठीत आली नाही तर अर्ज टाइपरायटरवर, संगणक खोक्यात, आणि तज्ज्ञ जामखेडच्या गाडीत.

आता हा आजार काय होता ते सांगायला हवं. तेव्हा मराठीला संगणकात स्वतःचं घर नव्हतं. इंग्रजी अक्षरांच्या खोल्यांत मराठी अक्षरं भाड्याने राहायची, आणि प्रत्येक फाँटवाल्याने ती आपल्या मर्जीने बसवलेली. एका फाँटात ज्या खोलीत 'क' राहायचा, त्याच खोलीत दुसऱ्या फाँटात अर्धा 'ष' नाहीतर नुसता रफार. म्हणजे पाठवणाऱ्याने आपण कुठल्या फाँटात लिहिलं हे आधी सांगितलं नाही, तर घेणारा स्वतःच्या फाँटाने वाचणार आणि क च्या दारात भलताच माणूस उभा असणार. म्हणून मी फाइलच्या पहिल्याच ओळीत फाँटाची खूण घालून ठेवली होती. पुण्याचा संगणक पहिली ओळ वाचायचा. खूण ओळखीची निघाली तर तो त्या फाँटाप्रमाणे वाचणार, नाहीतर आपल्या मनाप्रमाणे. ती ओळ कुणी चुकून काढू नये म्हणून मी मॉनिटरवर, कुंकवाच्या बोटाखाली, डिंकाने चिठ्ठी लावली होती: 'पहिली ओळ पुसू नये.'

अर्ज टाइप करायचं काम भाऊसाहेबांकडे होतं, म्हणून त्यांना पहिल्यांदा तेच विचारलं. "पहिली ओळ पुसली नाही ना?"

"न्हाई ओ. बोट बी लावलं न्हाई तिला." दुखावल्यासारखे झाले. तीस वर्षं नोकरी केलेला माणूस, लेखी सूचना मोडेल कसा?

मग मी स्वतः बसलो. पाच खोट्या मुलींचे अर्ज टाइप केले, पाठवले. दहा मिनिटांनी पुण्याहून पाचही मुली नावागावासकट धडधाकट परत आल्या. भाऊसाहेबांना खुर्चीवर बसवून मी सचिवांना सांगायला बाहेर गेलो. त्यांनी पाच खरे अर्ज पाठवले. पाचही मुली रफार आणि उलटी प्रश्नचिन्हं होऊन आल्या. मी केलं की चालायचं, त्यांनी केलं की नाही. मंगळवारी तेच, बुधवारी तेच.

पहिल्यांदा त्यांची फाइल उघडून बघायची, हे कुठल्याही शहाण्या माणसाने केलं असतं. मी शहाणा नव्हतो, तज्ज्ञ होतो. शिवाय पाठवलेली फाइल डिस्कवर जागा खाते म्हणून गेल्याबरोबर ती पुसून टाकायची सोय प्रोग्रॅममध्ये मीच केली होती आणि त्याबद्दल स्वतःची पाठही थोपटली होती. तेव्हा मी अवघड गोष्टींच्या मागे लागलो. मोडेम बदलून आणला. टेलिफोनवाल्याला बोलावून खांबापर्यंतची तार बघायला लावली. तारेत अक्षराचा एखादा तुकडा गळतो का हे बघायला एक प्रोग्रॅम लिहिला, मग तो प्रोग्रॅम बरोबर आहे का हे बघायला दुसरा. फोनची तार एकच, ती संगणकाला लावलेली, म्हणून पुण्याच्या इंजिनिअरशी बोलायला स्टँडसमोरच्या एसटीडी बूथवर जायचो. एसट्यांच्या गोंगाटात मी काचेच्या खोक्यात उभा राहून ओरडायचो, "क च्या जागी रफार येतोय!" आणि बाहेरची रांग माझ्याकडे कणवेने बघायची. पलीकडून इंजिनिअर अतिशय सभ्य आवाजात म्हणायचा, "आमच्याकडून काही प्रॉब्लेम नाहीये. तुमच्या लोकांना जरा ट्रेनिंग द्या ना."

कार्यालयाचं निदान त्याच्या आधीच झालं होतं. "मशिनीला हात कळतो," भाऊसाहेब सगळ्यांना सांगत. "ह्यांचा हात लागला की चालती. आपला लागला की बिघडती." मामाही मान हलवत. माझ्या आजोबांचा हात कशाला लागू नये म्हणून सगळं गाव डोळ्यांत तेल घालून जपायचं, आणि त्यांच्या नातवाचा हात लागल्याशिवाय इथे चार ओळी पुण्याला जात नव्हत्या. हे कुणाला तरी सांगून हसावं असं फार वाटायचं. पण सांगायचं तर आधी आजोबांपासून सुरुवात करावी लागली असती, म्हणून गप्प बसायचो आणि गुलाबाच्या कपातून चहा प्यायचो.

भाऊसाहेबांच्या म्हणण्याप्रमाणे सगळे अर्ज मीच टाइप करावेत असाही उपाय होता. पण त्यांची बोटं मराठी टाइपरायटरवर तयार झालेली, पान उलटायच्या आत अर्ज संपवायचे. मी दोन बोटांनी अक्षरं शोधायचो. साडेतीनशे अर्ज शनिवारपर्यंत माझ्याच्याने झाले नसते. शिवाय माझा तेव्हाचा ताठा असा की मशीन माझ्या हाताला भुलतं हे मान्य करण्यापेक्षा मी जामखेडची गाडी पकडली असती.

शुक्रवारी सकाळी मी पहिल्यांदा एक साधी गोष्ट केली. भाऊसाहेबांना म्हटलं, "तुम्ही रोज करता तसंच करा. मी शेजारी बसतो, बोलणार नाही."

त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या. खुर्चीवर बसून मॉनिटरला हात लावून नमस्कार केला. नमुना फाइल उघडली. माझी खूण पहिल्या ओळीत दिमाखात बसलेली होती. तिला त्यांनी खरंच बोट लावलं नाही. कर्सर तिच्याही आधी नेला, एंटर दाबला, खूण एक ओळ खाली सरकली, आणि वर मोकळ्या झालेल्या जागी, बरोबर मध्यभागी, त्यांनी लिहिलं: ॥ श्री ॥

मग खाली येऊन पहिल्या मुलीचा अर्ज टाइप करायला घेतला.

मला आधी हसू आलं, मग घाम आला. पुण्याचा संगणक इमानाने पहिली ओळ वाचत होता. तिथे फाँटाऐवजी श्री निघत होता, आणि हा कुठला फाँट ते न कळून बिचारा आपल्या मनाप्रमाणे वाचत होता. भाऊसाहेबांची काही चूक नव्हती. कोऱ्या कागदावर, वहीत, खतावणीत, लग्नाच्या यादीत, किराण्याच्या यादीतसुद्धा पहिला श्री येतो, मग बाकीचं. ते जन्मभर असंच लिहीत आले होते. चिठ्ठीत पुसू नये म्हटलं होतं, वर लिहू नये असं कुठे म्हटलं होतं?

आणि मला पाच दिवसांत हे एकदाही सुचलं नव्हतं. मी पन्नास वेळा चाचणी घेतली असेल, पन्नास वेळा यादी बरोबर आली, कारण पन्नास वेळा माझ्या बोटांनी श्री लिहिला नाही. आमच्या घरी लिहीत नाहीत. वडिलांनी शिकवलं ते कोपऱ्यात तारीख घालायचं, आणि तारखेसाठी अर्जात वेगळा रकाना होता.

"भाऊसाहेब, हा श्री," मी म्हटलं. "याच्यामुळे होतंय." आणि खूण, पहिली ओळ, पुण्याचं मनाप्रमाणे वाचणं, सगळं समजावून सांगितलं.

भाऊसाहेब हुशार माणूस. लगेच समजले. चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं आणि मला ज्याची भीती होती तोच प्रश्न विचारला. "मंग तुमी लिवत न्हाई श्री?"

दारात मामा चहाचा ट्रे घेऊन उभे होते. 'विसरलो' म्हणता आलं असतं. 'चाचणीत कशाला लिहायचा' म्हणता आलं असतं. दोन्ही उत्तरं तोंडात तयार होती. पण आता विचारलं गेलं होतं, आणि वडिलांच्या सल्ल्याचा पहिला भाग मला आठवला. मी म्हटलं, "नाही. आमच्या घरी लिहीत नाहीत. आम्ही बौद्ध आहोत."

झालं. कित्येक महिने जपलेलं एका वाक्यात बाहेर पडलं. आता ते थांबतील, मामांकडे बघतील, मग विषय बदलतील, असं धरून मी स्क्रीनकडे बघत राहिलो.

भाऊसाहेब जरासुद्धा थांबले नाहीत. "ते ठाऊक हाय ओ," म्हणाले. "मी म्हनतो, मशिनीत बी लिवत न्हाई व्हय?"

"ठाऊक आहे म्हणजे?"

"म्हंजी? मानूस ठेवायचा म्हनल्यावर चौकशी नको? तुमच्या वडलांच्या साळंत आमचे साडू मास्तर हुते. तुमी रुजू व्हायच्या आधीच समदं कळल्तं. आमी कदी काय बोललो का तुमाला?" मोठ्या मनाने हसले. "लई भला मानूस हाय म्हनत्यात तुमचा बाप."

मामांनी ट्रे टेबलावर ठेवला. ट्रेमध्ये ग्लास होते, आणि खिडकीतून माझा कप उचलून त्यांनी त्यात वेगळा चहा ओतला. किटली उंच धरून, कपाला लागणार नाही अशी. ती रोजच तशी धरत असले पाहिजेत. सोनेरी रेघ, गुलाब, बशी. नारळ. सावेडीतला स्वतंत्र नळ. तारेतून गळणारे अक्षरांचे तुकडे शोधणारा मी, आणि माझ्या नाकासमोर रोज दोनदा वाफाळत होतं ते मला दिसलं नव्हतं. उलट मी त्याची पत्रं लिहिली होती. मला स्वतःचा एवढा राग आला की भाऊसाहेबांचा यायचाच राहून गेला. त्यांचा संध्याकाळी आला, नळाखाली पाय धुताना, आणि तो बराच टिकला.

पण तेव्हा मुदत होती. "आता श्री लिहिणं बंद करा" असं म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात भाऊसाहेबच म्हणाले, "श्री तर काडता यायचा न्हाई. पोरींचं चांगलं काम हाय. तुमी मशिनीला सांगा की समजून घ्यायला."

मी मशीनला सांगितलं. प्रोग्रॅममध्ये दोन ओळी वाढवल्या: सुरुवातीला श्री असेल तर तो गुपचूप बाजूला ठेव आणि पुढची ओळ पहिली समज. भाऊसाहेबांना पडद्यावर श्री दिसत राहिला, पुण्याला तो कधी पोचला नाही, आणि दोन्ही बाजूंचं समाधान झालं. शनिवारी दुपारी यादी आली. साडेतीनशे मुली आपापल्या नावागावासकट उभ्या होत्या. जातीचा रकानाही स्वच्छ वाचता येत होता, एक अक्षर इकडचं तिकडं नाही. सचिव खूश झाले. भाऊसाहेबांनी त्यांना सांगितलं, "म्या श्री सोडला न्हाई म्हनून झालं."

पेढे आले, चहा आला. मामा खिडकीकडे वळले तसा मी हात पुढे करून ट्रेमधला ग्लास उचलला. भाऊसाहेबांच्या समोरचाच होता. "आज यातून पितो," म्हटलं, आणि प्यायलो. चहा तोच होता, थोडा जास्त गरम लागला. सगळे फक्त थांबले, आणि ज्या थांबण्याला मी इतके महिने भीत होतो ते जेमतेम एक घोटभर टिकलं. मामांनी रिकामा ग्लास माझ्या हातातून घेतला आणि क्षणभर त्यांना तो कुठे ठेवावा ते कळेना.

सोमवारी कार्यालयात ग्लास नव्हते. ट्रेमध्ये सात नवे कप होते, बशांसकट. "काचेचे लई फुटत्यात," भाऊसाहेब म्हणाले. "आता समद्यांना कप. ज्याचा त्याचा येगळा." मोठी सुधारणा झाली म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं. मीही केलं, कारण असली दुरुस्ती मला लगेच ओळखू येते. मूळ जागी हात लावायचा नाही, वरून दोन ओळी वाढवायच्या, म्हणजे यादी बरोबर छापून येते आणि कुणाची तक्रार राहत नाही. मी शुक्रवारी दुसरं काय केलं होतं?

प्रत्येक कपाच्या बुडाला मामांनी तांबड्या ऑइलपेंटने नाव घातलं होतं. माझा तेवढा जुनाच होता, गुलाबाचा. त्याच्यावर नाव घालायची गरज पडली नव्हती.